मराठी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादासाठी एजंट हवा आहे: मार्गदर्शन करावे

माझी कादंबरी (सुमारे ७२ हजार शब्द) २०२१ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाली असून करारानुसार अनुवादाचे हक्क माझ्याकडेच आहेत. मराठीत लेखक बहुधा थेट प्रकाशकाकडेच जातो, त्यामुळे एजंटशी (म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणाऱ्या मध्यस्थाशी) व्यवहाराचा मला अनुभव नाही. परंतु दिल्लीतील मोठ्या इंग्रजी प्रकाशनसंस्थांपर्यंत पोहोचायचे तर तोच मार्ग सोयीचा दिसतो.

अनुवादिकेने पहिली तीन प्रकरणे पूर्ण केली आहेत. ती प्रकरणे, कथानकाचा सारांश आणि आम्हा दोघींचा परिचय मी चार एजन्सींना पाठवला. तिघांकडून पाच महिन्यांत पोचसुद्धा आली नाही. चौथीने ‘वाचनशुल्क’ म्हणून १८ हजार रुपये मागितले. एजंटने लेखकाच्या उत्पन्नातून साधारण १५ टक्के घ्यावेत, आगाऊ काही मागू नये, असा प्रघात असल्याने मी नकार कळवला. (स्वखर्चाने छापण्याचा विचार नाही.)

संपूर्ण अनुवाद तयार नसताना केवळ नमुना प्रकरणांवर भारतीय एजंट पुस्तक स्वीकारतात का, आणि अनुवादिकेचा रॉयल्टीतील वाटा एजंटच्या करारातच नोंदवावा की तिच्याशी आधी स्वतंत्र करार करावा?