पाणीटंचाई सगळ्या घराची, मग अनुभव स्त्री-पुरुषांचा वेगळा का मोजायचा?

प्रश्न :
सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार करताना माझ्यापुढे एक अडचण आली आहे. घरात पाणी नसले तर ते कोणालाच मिळत नाही. अशा वेळी कुटुंबातील एकाच व्यक्तीला विचारून नोंद केली तर नेमके काय निसटते?

प्रतिसाद १ :
बरेच काही निसटते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालानुसार सुमारे १८० कोटी लोकांच्या घरी किंवा आवारात पिण्याच्या पाण्याची सोय नाही, आणि अशा दहांपैकी सात घरांत पाणी आणण्याची जबाबदारी प्रामुख्याने स्त्रिया व मुलींवर असते. वीस लिटरचा भरलेला हंडा वीस किलोहून जड असतो. तो डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला आणि घरी बसून पाणी पिणाऱ्याला एकच प्रश्न विचारला, तर दोघांची उत्तरे सारखी कशी येतील? शिवाय पाणी बेताचे असले की स्वतःची आंघोळ आधी कोण टाळते, मासिक पाळीच्या दिवसांत स्वच्छतेसाठी किती पाणी उरते, या गोष्टी कुटुंबप्रमुखाच्या उत्तरात सहसा येतच नाहीत.

प्रतिसाद २ :
वरील मुद्दा मान्य आहे, परंतु स्त्रिया सोसतात आणि पुरुष सुटतात असे गृहीत धरून प्रश्नावली आखू नये. टँकरचे पैसे उभे करणे, पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणे अंगावर घेणे, पाणी आणण्यासाठी मजुरी बुडवणे हे ओझे अनेक ठिकाणी पुरुषांवर पडते, आणि काळजी वाटते का, लाज वाटते का, असे विचारल्यावर कबुली द्यायला ते अधिक कचरतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे उत्तरांना गुण देऊन त्रास मोजताना, कमी गुण म्हणजे कमी त्रास, असा अर्थ लावताना जपून राहावे.

प्रतिसाद ३ :
यासाठी बारा प्रश्नांच्या दोन मापनपट्ट्या उपलब्ध आहेत : एक कुटुंबाच्या अनुभवासाठी, दुसरी व्यक्तीच्या. दोन्हींत काळजी, राग, लाज, तहानलेले झोपणे, हात न धुता येणे असे अनुभव किती वेळा आले ते विचारले जाते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात आणि ३६ पैकी १२ किंवा अधिक गुण म्हणजे जलअसुरक्षितता, अर्थात गरजेपुरते पाणी खात्रीने न मिळण्याची स्थिती. आपण व्यक्तीची पट्टी घ्यावी, आणि शक्य असल्यास एकाच घरातील स्त्री व पुरुष या दोघांना स्वतंत्रपणे, एकमेकांच्या कानाआड विचारावे. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना दिलेली उत्तरे मी तरी वेगळी नोंदवून ठेवते.