फ्रिजचा 'गॅस संपला' म्हणण्याआधी: घरची दुरुस्ती कुठपर्यंत करावी?

रानपाखरू
फ्रिज थंड करेनासा झाला की घरात पहिलं वाक्य येतं, "गॅस संपला असेल." फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. माझं मत असं: नळ्यांच्या आतलं कुठलंही काम घरी करू नये, पण नळ्यांच्या बाहेरचं बरंचसं घरी करता येतं आणि करावं. नाहीतर नको असलेल्या चार्जिंगचे, म्हणजे गॅस भरण्याचे, पैसे जातात.

डबल डोर फ्रॉस्ट फ्री फ्रिजचं नेहमीचं दुखणं घ्या. वर बर्फ होतोय, खाली दूध टिकत नाही. सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं पूर्ण २४ तास उघडी ठेवा. मागच्या ट्रेमधलं पाणी मधूनमधून ओतत राहा. पुन्हा चालू केल्यावर आठवडाभर फ्रिज चांगला चालला आणि मग हळूहळू पहिल्यासारखा झाला, तर गॅस शाबूत आहे, डीफ्रॉस्ट (बर्फ आपोआप वितळवणारी यंत्रणा) बिघडलंय. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड कॉइलवर बर्फाची भिंत तयार होते आणि पंख्याची हवा खाली पोचत नाही. गॅसच कमी असेल तर बर्फ वितळवून फरक पडत नाही. पॅनेल काढल्यावर डोळ्यांनीही कळतं. सगळ्या कॉइलवर जाड पांढरा थर असेल तर डीफ्रॉस्टचा दोष. गॅस शिरतो तिथल्या एकदोन वेढ्यांवरच हिम आणि पुढे कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी किंवा कॅपिलरी (गॅस जाणारी बारीक नळी) चोक.

पुढे मल्टिमीटर. प्लग काढलेला हवाच. कॉइलवरचा बर्फ वितळवणारा हीटर १५० वॅटचा असेल तर २३० गुणिले २३० भागिले १५०, म्हणजे साधारण ३५० ओहम दिसायला हवेत. २०० वॅटला २६५ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. बायमेटल (कॉइल पुरेशी गरम झाली की हीटर तोडणारा स्विच) तपासताना हमखास फसगत होते. खोलीच्या तापमानाला तो उघडा असतो, मीटर काही दाखवत नाही, आणि चांगला पार्ट खराब म्हणून फेकला जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याला बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात १५-२० मिनिटं ठेवा आणि तिथेच मोजा. आता तो जोडलेला दिसला पाहिजे. थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा) मात्र गार असो वा खोलीच्या तापमानाला, जोडलेलाच दिसायला हवा. नव्या मॉडेलांत बायमेटलच्या जागी सेन्सर असतो. गार केल्यावर त्याचे ओहम वाढले पाहिजेत.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर कॉइलखालचं ड्रेनचं भोक बुजलंय. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडा, तार खुपसू नका. दाराच्या रबराची परीक्षा कागदाने करा. दारात कागद धरून ओढल्यावर अडखळला पाहिजे. रबर वाकलं असेल तर आधी साबणाच्या पाण्याने पुसून मग हेअर ड्रायरने हलकं गरम करा, बहुतेक वेळा आकार परत येतो.

तांब्याची_नळी
तपासण्या बरोबर आहेत, निष्कर्ष मला मान्य नाही. मोजमाप घरी करायला हरकत नाही. पण मोजणारा माणूस तिथे थांबत नाही. थर्मल फ्यूज उडालेला सापडतो, बाजारात तो पार्ट मिळत नाही, आणि दोन वायरी पिळून टेप मारली जाते. फ्रिज चालू होतो, म्हणून काम झालं असं वाटतं. फ्यूज का उडाला हे कोणी बघत नाही. डीफ्रॉस्ट चालू-बंद करणारा टायमर डीफ्रॉस्टवर अडकला असेल आणि बायमेटलही चिकटला असेल तर हीटर चालूच राहतो. त्या वेळी त्याला थांबवणारा शेवटचा पार्ट तो फ्यूजच होता. तो शॉर्ट केला की मागचं थर्माकोल आणि प्लॅस्टिक वितळायला लागतं. फ्यूज उडाला असेल तर टायमर आणि बायमेटल दोन्ही तपासल्याशिवाय नवा फ्यूजसुद्धा लावायचा नसतो.

मल्टिमीटरलाही मर्यादा आहे. कंप्रेसरच्या तीन पिनांत (कॉमन, रन, स्टार्ट) ओहम मोजले तर कॉमन-रन सर्वांत कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन-स्टार्ट म्हणजे त्या दोन्हींची बेरीज. एक १४ आणि दुसरा २० ओहम असेल तर तिसरा ३४. हे जमलं की कंप्रेसर चांगला असं धरून नवा रिले (कंप्रेसर सुरू करून देणारा पार्ट) लावला जातो. पण मीटर बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो. २३० व्होल्टला वाइंडिंगचं (आतल्या तारांच्या गुंडाळीचं) इन्सुलेशन बॉडीकडे करंट सोडतंय का, हे त्यावर कळेलच असं नाही. त्याला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लागतो.

इन्व्हर्टर कंप्रेसरला (ज्याचा वेग बोर्ड बदलतो) तर हा बेरजेचा हिशेब लागूच नाही. तिन्ही पिनांत ओहम सारखेच येतात. जुन्या सवयीने त्यावर रिले आणि ओव्हरलोड (फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच) चढवून थेट २३० व्होल्ट दिले की कंप्रेसर गेला. बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावर लगेच उतरत नाहीत. दहा मिनिटं थांबून, मीटरने मोजून मगच हात लावायचा. हे माहीत नसलेल्याने मागचं कव्हर उघडू नये.

उंबरठा
गॅस कोणता आहे याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. आता घरगुती फ्रिजांत बहुतेक आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. तो ज्वलनशील आहे. हवेत १.८ टक्के झाला की पेटू शकतो, म्हणजे घनमीटरला साधारण ४३ ग्रॅम. फ्रिजमध्ये ५०-६० ग्रॅमच असतो, ही गोष्ट खरी. पण २५० लिटरच्या बंद फ्रिजच्या आत ११ ग्रॅम सुटले तरी ती हद्द ओलांडली जाते. आणि आत दिवा, थर्मोस्टॅट, हीटर सगळं असतं. म्हणूनच या फ्रिजांचे स्विच ठिणगी बाहेर न पडणारे असतात आणि हीटरचा पृष्ठभाग ठरावीक तापमानापुढे जाऊ नये असा बनवलेला असतो. आर१३४ए या न पेटणाऱ्या गॅसच्या जुन्या फ्रिजचा, लांबीला बसला म्हणून लावलेला हीटर इथे चालत नाही. वॅट आणि लांबी जुळणं पुरेसं नाही, कंपनीचा पार्ट नंबर जुळला पाहिजे.

१४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. चौकशी अहवालाप्रमाणे सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिज-फ्रीझरमधल्या विद्युत दोषातून झाली. एका तज्ज्ञाने कंप्रेसरच्या रिलेपाशी असलेल्या तारेच्या सैल क्रिंपकडे (तारेवर दाबून बसवलेल्या जोडाकडे) बोट दाखवलं. सैल जोड गरम होतो आणि पेटतो. घरी पकडीने दाबलेला क्रिंप किती घट्ट बसतो ते पाहा आणि मग ठरवा.

रानपाखरू
उंबरठा, हीटरचा मुद्दा पूर्ण मान्य. पार्ट नंबर जुळवूनच घ्यायचा, हे मी आधी लिहायला हवं होतं. ग्रेनफेलबद्दल मात्र अर्धंच सांगितलंत. तिथला जोड कोणा घरमालकाने केल्याचं चौकशीत कुठेही आलेलं नाही, आणि एका फ्लॅटमधली आग इमारतभर पसरली ती बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे. त्यातून मी उलट धडा घेतो. रिलेची डबी वर्षातून एकदा प्लग काढून उघडावी आणि पिना काळवंडल्यात का, प्लॅस्टिक पिवळं पडलंय का, वायर कडक झालीय का एवढं बघावं. कोणी उघडतच नाही म्हणून हे दोष सापडत नाहीत. काळी पिन दिसली तर तिथे हात थांबवा. नवा टर्मिनल क्रिंपिंग टूलनेच बसवायचा, आणि ते नसेल तर मेकॅनिकला बोलवा.

गॅसचंही प्रमाण बघू. त्याच स्वयंपाकघरात १४.२ किलोचा सिलिंडर असतो आणि त्याची नळी आपण स्वतः बदलतो, कारण नियम माहीत असतात. इथलेही नियम थोडेच आहेत. फ्रीझरमधला बर्फ सुरीने किंवा पेचकसाने खरवडायचा नाही. सिंगल डोरमध्ये बर्फाखाली लगेच अ‍ॅल्युमिनियमची पातळ नळी असते. फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यात स्क्रू मारायचा नाही. हल्ली कंडेन्सरच्या नळ्या त्या पत्र्याच्या आत असतात, म्हणूनच बाजू गरम लागते. आणि फुस्स आवाज आला तर शेगडी बंद, खिडक्या उघड्या, जवळच्या कुठल्याही बटणाला हात नाही, वीज मेन स्विचवरून तोडायची.

तांब्याची_नळी
मग नळ्यांच्या आतलं काम मेकॅनिक नीट करतो का, तेही लिहायला हवं, कारण तिथेही चुका होतात. आर६००ए चा फ्रिज चालू असताना सक्शन बाजूला (जिथून कंप्रेसर गॅस परत ओढतो) दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. त्या बाजूला गळती असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आणि दमटपणा आत ओढला जातो. त्यामुळे गेजवर बघून अंदाजाने भरायची जुनी पद्धत इथे चालत नाही. डिजिटल काट्यावर वजन करून, कंप्रेसरवरच्या किंवा आतल्या लेबलवर लिहिलेले तेवढेच ग्रॅम भरायचे. त्याआधी व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास, आणि सिस्टम उघडली की नवा फिल्टर (तो ओलावा शोषतो). जुनाच फिल्टर ठेवला तर राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो. फ्रिज तासभर थंड करतो, मग थांबतो, बंद ठेवला की पुन्हा चालतो. ही खूण दिसली तर पुन्हा गॅस भरून उपयोग नाही. जोड मारण्याआधी आतला गॅस काढून नळी नायट्रोजनने धुतली नसेल तर टॉर्च पेटवणंच धोक्याचं.

ग्राहकाने हातात पाना घेण्यापेक्षा हे विचारावं: पंप आणलाय का, काटा आणलाय का, फिल्टर बदलणार का, गळती कुठे सापडली ते दाखवाल का. यात पैसे जास्त वाचतात.

पागोळी
आइस मेकरबद्दलही बोला. साइड बाय साइड फ्रिजमध्ये बर्फ पडत नाही या तक्रारीत फ्रिजचा दोष अनेकदा नसतोच, पाण्याच्या दाबाचा असतो. बऱ्याच मॉडेलांना किमान २० पीएसआय, म्हणजे साधारण १.४ बार दाब लागतो. टाकीपासून दर १० मीटर उंचीला १ बार मिळतो. म्हणजे गच्चीवरच्या टाकीने तेवढा दाब द्यायचा तर ती १४ मीटर वर हवी. सगळ्यात वरच्या मजल्यावर ३-४ मीटरच मिळतात. भिंतीवरच्या आरओच्या टाकीतून पाणी नुसतं उताराने येतं, तिथे तर दाब जवळजवळ नाहीच.

कमी दाबाने खडे छोटे आणि पोकळ होतात हे सगळ्यांना दिसतं. दुसरा परिणाम दिसत नाही. इनलेट व्हॉल्व्हचा (फ्रिजमध्ये पाणी सोडणाऱ्या झडपेचा) पडदा पाण्याच्या दाबानेच घट्ट बंद होतो. दाब नसेल तर तो ठिबकत राहतो आणि ते ठिबकणारं पाणी भरण्याच्या नळीत गोठून नळी बुजते. नळी वितळवली की दोन दिवस बर्फ पडतो, मग पुन्हा बंद. इथे व्हॉल्व्ह बदलून काही होत नाही, प्रेशर स्विच असलेला छोटा बूस्टर पंप लागतो. तपासायला सोपं आहे: पाव इंची नळी फ्रिजमागून सोडवून बादलीत धरा, धार जोरात येते की नुसती ओघळते ते बघा. हे काम घरचंच आहे.

टेबलावरच्या छोट्या आइस मेकरात बोअरच्या पाण्याने क्षार बसतात आणि पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर फसतो, टाकी भरलेली असताना 'पाणी भरा'चा दिवा लागतो. अर्ध्या लिटर पाण्यात एक चमचा सायट्रिक अ‍ॅसिड, १५ मिनिटं, मग साध्या पाण्याने दोनदा धुणं, आणि त्यानंतरचा पहिला बर्फ फेकून देणं.

उंबरठा
पंपाचं मान्य, पण जोड घरी करू नका असंच म्हणेन. फ्रिजमागे २४ तास दाबाखाली असलेली नळी सुटली तर खालच्या घराचं छत भिजतं. करायचंच असेल तर नळी ब्लेडने काटकोनात कापा, टोक तिरकं राहिलं की पुश फिटिंग गळतं. नळीला आधी बंद करायचा कॉक हवाच. गावाला जाताना तो बंद करा.

देवचाफा
वर कोणी अर्थिंगचा विषय काढला नाही. जुन्या वाड्यांत, चाळींत तीन भोकांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. तिथे फ्रिज उघडायच्या आधी अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. पावसाळ्यात अनवाणी पायाने दाराला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर बाकी सगळं बाजूला ठेवून प्लग काढायचा. आणि ईएलसीबी (करंट बॉडीकडे किंवा जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) दर आठ-दहा तासांनी पडत असेल, फ्रिज मात्र एरवी नीट चालत असेल, तर संशय डीफ्रॉस्ट हीटरवर घ्या. तो तेवढ्या अंतरानेच चालू होतो आणि आत ओल शिरल्याने करंट बॉडीकडे सोडतो.

तांब्याची_नळी
बरोबर, आणि याची खात्री घरी करता येते, हे मी रानपाखरूंना मोकळेपणाने देतो. प्लग काढून हीटरचा कनेक्टर सोडवा, टोकं एकमेकांना आणि पत्र्याला लागणार नाहीत अशी टेप करा, फ्रिज दोन दिवस चालवा. ईएलसीबी पडला नाही तर हीटर बदलायचा. दोन दिवसांहून जास्त तसा चालवू नका, कॉइल बर्फाने भरेल. ईएलसीबी काढून साधा एमसीबी (फक्त जादा करंटला पडणारा, गळती न ओळखणारा) बसवायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला पुन्हा घरात बोलावू नका.