आजीच्या उपवासाचा वास : तुमचेही अनुभव सांगा

साखळीची_लेक :
काल लेकीचा बारावीचा अभ्यास घेत होते. 'अ‍ॅसिटोन' शब्द आला आणि एकदम आजीचं पांघरूण आठवलं. आषाढात आजी दशमीला दुपारी जेवायची, ते थेट द्वादशीच्या सकाळी. मध्ये नुसतं पाणी. एकादशीच्या रात्री तिच्या कुशीत झोपले की तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा वास यायचा. मला वाटायचं आजी लपून अननस खाते! आईकडे चहाडी केली, ओरडा खाल्ला. तो अंगातली चरबी जळत असल्याचा वास होता हे आता कळतंय. तुमच्या घरचं लिहा.

माशेलची_माई :
आमच्याकडे तयेचा (हरतालिकेचा) उपास निर्जळी. दुपारी चारला डोकं ठणकतं, रात्री मात्र अंग हलकं. दुसऱ्या दिवशी चवथ, माटोळी, नेवऱ्या तळायच्या, तरी भूक म्हणून नाही. का गे असं? दूध उतू जातंय, येते नंतर.

फोंड्याचा_मास्तर :
माई, यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजन (साठवलेली साखर) असतं, ते दिवसभरात जवळजवळ संपतं. खाणं थांबलं की इन्सुलिन उतरतं, आणि चरबीच्या पेशींचं दार उघडतं. चरबी फुटून फॅटी अ‍ॅसिड आणि ग्लिसरॉल रक्तात येतात. हृदय, स्नायू फॅटी अ‍ॅसिडवर चालतात. मेंदूला ती चालत नाहीत, म्हणून यकृत त्यांचे कीटोन (मेंदूला चालणारं इंधन) करून देतं. त्यातल्या थोड्याचा अ‍ॅसिटोन होऊन श्वासातून जातो. आजीचा अननस तोच. ग्लिसरॉलचीही साखर होते. भूक जेवणाच्या वेळेला लाटेसारखी येते आणि खाल्लं नाही तरी ओसरते. डोकं पाणी कमी पडल्याने किंवा चहा सुटल्यानेही दुखतं.

पेडण्याचा :
श्रावणात दोन दिवसांत २ किलो उतरलो!!

फोंड्याचा_मास्तर :
त्यात बहुतेक पाणी. एक ग्रॅम ग्लायकोजनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते आधी जातं. किलोभर चरबीत ७,७०० च्या आसपास कॅलरी. दिवसाला २,००० खर्च झाल्या तरी साधारण पाव किलोच चरबी जाते. पण निराश होऊ नको, पाव किलो म्हणजे कमी नव्हे.

म्हापसेकरीण :
आणि सकाळी खिचडी, दुपारी वरई, संध्याकाळी रताळ्याचा कीस? एकादशी दुप्पट खाशी! 😄 शाबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, मग चरबीला हात कशाला लागेल. बरं, वरई चांगली कुठे मिळते? शुक्रवारच्या बाजारात मागच्या वेळी खडे निघाले.

माशेलची_माई :
चाळून घे. मी दोनदा धुते.

डिचोली_आई :
सगळ्यांना हात जोडून सांगते. आमचे हे मधुमेही. गोळी घेतली आणि उपवास धरला. दुपारी घामाघूम, हात थरथरत, बोलणं तुटक. साखरेचं पाणी पाजलं तेव्हा माणूस भानावर आला. काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतात. खाल्लं नाही तरी ते रक्तात असतं, मग साखर उतरते आणि चरबीही मोकळी होत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका. मी अजून त्या दिवशीची वाटी जपून ठेवलीय.

साखळीची_लेक :
ताई, वाचूनच धस्स झालं. आता बरे आहेत ना?

डिचोली_आई :
हो गे, आता देवळात जातात, फळ खाऊन.

पेडण्याचा :
लेकी, आजी द्वादशीला पहिल्यांदा काय खायची?

साखळीची_लेक :
उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मीठ, तोंडी लावायला खारातली मिरची. दोन घोट झाले की म्हणायची, "आता पाय आपले वाटतात." पाऊस पडत असायचा.

फोंड्याचा_मास्तर :
इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात. आजीच्या पेजेत ते आधीच होतं.

माशेलची_माई :
दूध सांडलंच शेवटी. मिरची कुठली गे, घरची?

साखळीची_लेक :
घरचीच. बरणी अजून आहे.