दादूस म्हणजे दादाच ना?

माजिवडा, ठाणे
मी मूळची सांगलीची. ऑफिसात कुणी गळ्यात जाड चेन घालून आला की सगळे "काय दादूस!" करतात. परवा रिक्षावाल्यालाही मी सहज "दादूस, स्टेशनला येणार?" विचारलं. त्याने आरशातून असं बघितलं की स्टेशन येईपर्यंत मी गप्प. शिवी आहे का ही?

ठाणेकर
शिवी कसली! दादूस म्हणजे भाई. हळद, डीजे, सोनं, पांढरी गाडी. संपला विषय.

घणसोली गाव
विषय इतक्यात संपत नाही हो. आमच्या आगरी घरांत दादूस म्हणजे थोरला भाऊ, बस्स. बाप तो बापूस, तसा दादा तो दादूस. आजी अजून दारातूनच विचारते, "दादूस, कवा आयलास?" त्यात ना सोनं, ना डीजे. आगरी हे नावच आगरावरून आलंय, मिठागर आणि खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली, भातशेती करणारे आम्ही. १९७० साली नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली, जमिनी गेल्या, गावांना खेटून सेक्टर उभे राहिले. सेक्टरवाल्यांच्या कानावर आमचा शब्द पडला तो हळदीच्या रात्री, डीजेच्या आवाजात. मग त्यांनी त्याचा तेवढाच अर्थ धरला, आणि आमच्या पोरांनीही गाडीच्या काचेवर "दादूस" लिहून त्याला हातभार लावला, हेही खरंच.

एक खूण सांगतो. "माझा दादूस" म्हटलं की नातं. "तो एकदम दादूस आहे" म्हटलं की टोमणा. आणि "हे दादूस लोक" ऐकलं की माझं डोकं फिरतं.

कणकवली, सध्या ऐरोली
बापूस आमच्या मालवणीतही आहे, आईला आवस. पण दादूस मी इथे आल्यावरच ऐकला.

माजिवडा, ठाणे
म्हणजे रिक्षावाला आगरी असता तर चाललं असतं?

घणसोली गाव
कोण बोलतंय त्यावर आहे, ताई. माझ्या वहिनीचं माहेर साताऱ्याचं. ती मला दादूस म्हणते तेव्हा गोड वाटतं, कारण ती घरात ऐकून शिकली. तुम्ही ऑफिसात ऐकून शिकलात, तो सूर आपोआप येतो. रिक्षावाल्याला नुसतं दादा म्हणा. फार तर भाऊ.

ठाणेकर
मामा म्हणू नका फक्त. मामा म्हणजे ट्रॅफिक हवालदार.