मदत हवी आहे: आईच्या वाटणीच्या दाव्यात सुप्रीम कोर्टात जाता येईल का?

मुठाकाठची:

नमस्कार. धागा लांबला आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी कोथरूडला राहते. आई ७१ वर्षांची आहे. तिचं माहेर मुळशी तालुक्यात, वडिलोपार्जित जमीन दोन एकरांच्या आसपास. आजोबा २००१ साली गेले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. मागे आई आणि दोन मामा. आईचं लग्न १९७६ चं, त्यामुळे महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हिस्सा देणारा कायदा केला तेव्हा ती त्यात बसली नाही. त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींनाच तो लागू होता. २००५ साली केंद्राचा हिंदू वारसा कायदा बदलला आणि २००९ मध्ये आईने पुण्यात वाटपाचा दावा लावला.

खालच्या कोर्टाने २०१४ साली तिसरा हिस्सा दिला. मामांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं आणि २०१८ साली निकाल उलटला. त्यात दोन कारणं होती. एक, २००५ चा कायदा आला तेव्हा आजोबा हयात नव्हते. दोन, १९९८ सालीच आजोबांनी दोन्ही मुलांत तोंडी वाटप करून दिलं होतं आणि तसा फेरफार मंजूर आहे. आम्ही मुंबईला सेकंड अपील केलं. ते यंदा ॲडमिशनलाच, म्हणजे दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच, फेटाळलं: तोंडी वाटप झालं की नाही ही वस्तुस्थितीची बाब आहे, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उद्भवत नाही. निकाल लागून आज ३८ दिवस झाले.

आता एक जण म्हणतात, "दिल्लीला जाऊ, मुलींच्या बाजूचा निकाल तिथलाच आहे, काम होणार." दुसरे म्हणतात, पैसे पाण्यात घालू नका. आमच्याच एका नातेवाइकांनी सांगितलं की समानतेचा हक्क मोडला म्हणून घटनेच्या कलम ३२ खाली थेट रिट याचिका करा. आई मला रोज विचारते, "मोठं कोर्ट माझं ऐकेल का गं?" तिला खोटी आशा दाखवायची नाही आणि खरा मार्ग असेल तर तो चुकवायचाही नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

अधिवक्ता_सातारकर:

ताई, आधी तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर. सुप्रीम कोर्टात जाण्याचा "हक्क" तुम्हाला नाही. तिथे ऐकून घ्या अशी परवानगी मागता येते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

सुप्रीम कोर्टाची कामं वेगवेगळ्या वाटांनी येतात. दोन राज्यांचं किंवा केंद्र-राज्याचं भांडण कलम १३१ खाली थेट तिथे जातं. राष्ट्रपती एखाद्या प्रश्नावर मत मागतात ते कलम १४३ खाली. मूलभूत हक्कांसाठी कलम ३२ आहे. तुमच्या नातेवाइकांनी सुचवलेली ही वाट मात्र विसरा. भावाबहिणीच्या जमिनीच्या वादात ती चालत नाही आणि न्यायालयाच्या निकालाविरुद्ध तर नाहीच. नरेश मिरजकर प्रकरणात १९६६ साली नऊ न्यायाधीशांनी हे सांगितलं आहे, आणि ते प्रकरणही आपल्या मुंबईच्याच हायकोर्टातून गेलेलं.

राहिलं अपील. दिवाणी अपिलाचं कलम १३३ आहे. एके काळी वीस हजार रुपयांच्या वरचा दावा असेल तर दिल्लीला जाता येत असे. तिसाव्या घटनादुरुस्तीने ती रकमेची अट काढली. आता प्रश्न सार्वत्रिक महत्त्वाचा आहे आणि तो सुप्रीम कोर्टानेच सोडवायला हवा, असं प्रमाणपत्र हायकोर्टाने द्यावं लागतं. शिवाय त्याच कलमाच्या तिसऱ्या उपकलमात लिहिलंय की हायकोर्टाच्या एकाच न्यायाधीशाच्या निकालावर अपील नाही. सेकंड अपील एकच न्यायमूर्ती ऐकतात, म्हणजे तीही वाट बंद. हायकोर्टातल्या हायकोर्टात दोन न्यायाधीशांपुढे जावं म्हटलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १००-अ आडवं येतं.

म्हणून उरतं कलम १३६, म्हणजे स्पेशल लीव्ह पिटिशन (अपिलासाठी खास परवानगीचा अर्ज), ज्याला सगळे एसएलपी म्हणतात. मुदत निकालापासून ९० दिवस. निकालाच्या सर्टिफाइड कॉपीला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्याकडे ५२ दिवस आहेत असं धरून चाला.

आता गुणदोष. जिल्हा न्यायालयाचं पहिलं कारण आज उभं राहत नाही. २०१५ च्या फुलवती निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की २००५ साली वडील हयात हवेत. २०१८ च्या दानम्मा निकालात दुसऱ्या पीठाने वेगळी वाट धरली. दोन्ही पीठं दोन-दोन न्यायाधीशांची, त्यामुळे देशभर खालची कोर्टं गोंधळली. तुमच्या आईंचा निकाल नेमका त्या गोंधळात लागला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांनी वाद मिटवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. कलम १४१ प्रमाणे हे सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे.

तेव्हा तुमचा खरा सामना दुसऱ्या कारणाशी, तोंडी वाटपाशी आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटपं कायद्याने सुरक्षित ठेवली आहेत, पण वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेलं. विनीता शर्मा निकालात तोंडी वाटपाची सबब सहसा मान्य करू नये असं स्पष्ट आहे. अपवाद म्हणून सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच. मग नुसत्या वर्दीवरून, म्हणजे तलाठ्याला दिलेल्या खबरेवरून, झालेला फेरफार हा तसा भक्कम आधार होतो का? माझ्या मते हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि हायकोर्टाने तो वस्तुस्थितीचा म्हणून बाजूला ठेवला. एसएलपीत भर यावर द्यायला हवा.

एक महत्त्वाचं विचारतो. १९९८ च्या फेरफाराने आजोबांच्या स्वतःच्या नावावर काही हिस्सा राहिला होता का? राहिला असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर २००१ साली त्या हिश्शात तुमच्या आई दोन्ही मामांइतक्याच वारस होतात. त्याला २००५ ची दुरुस्ती लागतच नाही, १९५६ चा मूळ कायदा पुरे आहे. हा मुद्दा खालच्या कोर्टांत घेतला होता का?

---

दिल्लीतला_मराठी:

सातारकर साहेबांच्या लिहिण्याला +१. मी बरीच वर्षं तिथल्या एका कार्यालयात कारकुनी केली आहे, तेव्हा प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो.

वकिलांपैकी पिटिशन फक्त ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड (एओआर) दाखल करू शकतो. सुप्रीम कोर्टाची वेगळी परीक्षा असते आणि त्याचं ऑफिस कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत असावं लागतं. पुण्याचे वकील कितीही मोठे असोत, त्यांना अशा वकिलामार्फतच जावं लागतं. तेव्हा "मी बघतो दिल्लीचं" म्हणणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा, एओआर कोण?

नवीन पिटिशन बोर्डावर लागते तेव्हा दोन-चार मिनिटांत निकाल लागू शकतो. तेवढ्या वेळात न्यायाधीश बघतात ती सुरुवातीची सारांशाची पानं आणि प्रश्न. "अन्याय झाला" हे तिथे पुरत नाही. नोटीस निघाली तर समोरच्यांना बोलावतात. पुढे "लीव्ह ग्रँटेड" (परवानगी दिली) झालं की तुमची पिटिशन दिवाणी अपील बनते. नुसतं "डिसमिस्ड" झालं तर याचा अर्थ सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल बरोबर ठरवला असा होत नाही, त्यांनी फक्त हात घातला नाही. २००० सालच्या कुन्हयम्मद निकालात हे नीट उलगडलं आहे. आईंना हे आधीच समजावून ठेवा. मोठ्या कोर्टाने आपल्याला खोटं ठरवलं असं वाटून माणसं खचलेली मी पाहिली आहेत.

कागदांचंही सांगतो. तिथली भाषा इंग्रजी. तुमचा सातबारा, फेरफार, साक्षीपुरावे सगळं मराठीत असणार. प्रत्येक पानाचं भाषांतर लागतं आणि चुकीचं भाषांतर प्रकरण बुडवतं. "वर्दी" आणि "वाटप" या शब्दांवर तुमचं प्रकरण उभं आहे, ते भाषांतर शेतीच्या कागदांची जाण असलेल्याकडूनच करून घ्या.

---

नारायणपेठी_काका:

मी वकील नाही. आमच्या बहिणीच्या दाव्यात मी भावाच्या बाजूला होतो आणि पुढे बारा वर्षं तिच्या घरी पाऊल टाकलं नाही. तिच्या तेराव्याला गेलो. दोन्ही मामांशी वकील सोडून एकदा बोलून बघा. सुप्रीम कोर्टातही मध्यस्थी होते, तर ती आपल्या ओसरीवर का होऊ नये?

---

अधिवक्ता_सातारकर:

काकांचं पटतं. बोलणी करताना मुदत मात्र चालूच राहते, एवढं लक्षात असू द्या.

दोन गोष्टी राहिल्या. पिटिशन दाखल केल्याने काहीही आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. मधल्या काळात जमीन विकली जाऊ नये म्हणून लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली आहे का ते आजच तपासा. मुळशीतल्या जमिनीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आणि खर्चाचं. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सुप्रीम कोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे. सुरुवात शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा.

---

मुठाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईबरोबर बसून जुनी फाईल उघडली.

सातारकर सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: १९९८ च्या फेरफाराने सगळी जमीन दोन मामांच्या नावे झाली, आजोबांच्या नावावर काहीच राहिलं नाही. पण १९९९ च्या सातबाऱ्यात एका गटाला, विहिरीच्या बाजूच्या अकरा गुंठ्यांना, आजोबांचंच नाव आहे. हा उतारा आमच्या फाईलमध्ये होता, पण कोर्टात दाखल केलेल्या यादीत तो दिसत नाही. इतकी वर्षं तो तिथेच होता, आणि आमच्यापैकी कोणी त्याकडे त्या नजरेने बघितलं नाही. आता या टप्प्यावर नवा कागद देता येतो का, आणि त्या अकरा गुंठ्यांसाठी वेगळा दावा करता येईल की जुन्या निकालामुळे तो अडेल?

लिस पेंडन्सची नोटीस २००९ ची नोंदलेली सापडली. सर्टिफाइड कॉपीचा अर्ज काल केला. सोमवारी विधी सेवा प्राधिकरणात जाते आहे.

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, धाकट्याला फोन लाव, पण जमिनीचं बोलू नकोस, तब्येत विचार. लावला. त्यांनी उचलला.