डायलिसिसच्या पेशंटच्या हातात थोडा कारभार द्यायचा का?

तेरणाकाठ: लातूरकडं डायलिसिस युनिटला सिस्टर आहे. आठवड्यातून 2-3 वेळा चार-चार तास मशीनला जोडलेली माणसं बघते. घरचा कर्ता माणूस “आता माझ्या हातात काय राहिलं?” म्हणतो, तेव्हा जीव तुटतो. मला वाटतं, वजन त्यानंच करावं, वहीत त्यानंच लिहावं. अंगात साठलेलं किती पाणी आज मशीननं काढणार, ते आधी त्याच्याशी बोलावं. फिस्चुलावर (डायलिसिसची सुई टोचायला हातातली धमनी न् शीर जोडून केलेली जागा) रोज बोटं ठेवून थरथर लागते का हे बघायला शिकवावं. थांबली तर लगेच दवाखाना. त्या हातावर बीपी घ्यायला कुणीही आलं तरी “हा हात नाही” असं त्याला ठणकावता यावं. स्वीडनमध्ये योन्शोपिंगच्या रुग्णालयात 2005 मध्ये एका पेशंटनं सिस्टरकडून शिकून स्वतःचं डायलिसिस स्वतः सुरू केलं.

बालाघाट: ताई, कळकळ पटली, उपाय नाही. मी वॉर्डात ब्रदर आहे. नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागं एक नर्स असा आहे. आमच्याकडं रात्री एकाच्या गळ्यात अख्खा वॉर्ड. शिकवणार कधी? आणि शिकवलं की दोषही पेशंटच्याच माथी. मे महिन्यात 42 अंशांत घोटभर पाणी जास्त प्यालं की “सांगितलं होतं ना?” म्हणून सगळ्यांदेखत बोलणी. वही म्हणजे त्याच्याविरुद्धचा पुरावाच होतो.

तेरणाकाठ: बोलणी बंदच व्हावीत, हे शंभर टक्के मान्य. पण वेळेचं नाही पटत. पेशंट चार तास समोरच असतो. वजन वाढलं तर कालचं जेवण विचारावं. ठेचा, पापड, लोणचं निघतं. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच. नुसतं “पाणी कमी प्या” म्हणून काय होतं?

गोदाकाठ: मी पेशंट, परभणी जिल्ह्यातला. वही-बिही ठीक आहे, पण पहिलं हे करा: माझ्यासमोर माझ्या पोराला “जेवतात का हे?” विचारू नका. मला विचारा. मी बेशुद्ध नाही. दुसरं, शिफ्ट. सकाळची मिळाली तर दुपारच्या एसटीनं गावी पोचतो, पडून का होईना, रानाकडं नजर राहते. शिफ्ट बदलली की दिवस गेला, आणि ती बदलताना मला कुणी विचारत नाही.

बालाघाट: दादा, पहिल्याला पैसा लागत नाही न् माणूसबळ लागत नाही. त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण सकाळची शिफ्ट सगळ्यांनाच हवी असते. तुम्हाला दिली तर कुणाची काढायची?

गोदाकाठ: आम्हा पेशंटना एकत्र बसवून विचारा की. कुणाची एसटी कधी, हे आम्हाला एकमेकांचं पाठ आहे.