पोळ्या लाटून कोपर धरलंय, ऑपरेशन करावं का?

पोळी-भाजी केंद्र चालवते, रोज १५० पोळ्या. चार महिने उजवं कोपर बाहेरच्या बाजूने ठणकतंय. परवा चहाची किटली हातातून सुटली. डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगून इंजेक्शन सुचवलंय. शेजारीण म्हणते, सांधाच बदलून घे. घर या हातावर चालतं हो, काय करू?

उत्तर : ताई, सांधा बदलायचं डोक्यातून काढा. टेनिस एल्बोत सांधा शाबूत असतो. दुखतो तो मनगट उचलणाऱ्या स्नायूंचा हाडाशी जोडलेला भाग. मला स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दीड महिना बरं वाटलं, मग पुन्हा जैसे थे. गुण आला फिजिओथेरपीने. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा खाली. अर्धा लिटरची भरलेली बाटली धरून मनगट अगदी सावकाश खाली सोडायचं, वर घेताना डाव्या हाताने उचलायचं. तीन महिने लागले, पण नेटाने करा.

उत्तर : माझ्या आईचं कोपर बदललंय, पण तिला रुमॅटॉइड संधिवात, सांधा पार झिजलेला. वेदना गेल्या. मात्र त्या हाताने २ किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही, जन्मभर. कणकेची परात तुम्ही कशी उचलणार?

ताई : परातीचं वाचून पोटात गोळाच आला. उद्याच फिजिओथेरपिस्टकडे जाते. तोवर लाटायला जाऊबाईंना बसवते, मी भाजते. पोळी उलटताना पट्टा बांधला तर चालेल का?